कुरवंड्याला अर्जुन उठला

देवाने माझ्या घरात कथा ठेवल्या आणि त्या सांगायला लागणारा आवाज मात्र माझ्याकडून काढून घेतला, असं मी कितीतरी वर्षं मनात धरून बसलो होतो. देवळात गेलो तरी हात जोडले जायचे ते सवयीने. तोंडाने काही मागावं असं वाटत नसे, आणि मागायचं म्हटलं तरी माझं मागणं मलाच ऐकू आलं नसतं. मिसरूड फुटायच्या वयात मला घशाचा ताप आला. लोणावळ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जीव वाचवला. ताप उतरला, मानेची सूज उतरली, अन्न गिळता येऊ लागलं, पण आवाज परत आला नाही. तेव्हापासून मी बोलतो ते वाळक्या पानांवरून कुणी चालत जावं तसं. समोरच्या माणसाला कान पुढे करावा लागतो. दुसऱ्या कुणाच्या घरात एवढ्याने काही अडलं नसतं. शेतकऱ्याला नांगर धरायला गळा लागत नाही. पण आम्ही चित्रकथी. गावोगाव जाऊन देवादिकांची चित्रं दाखवायची आणि त्यांच्या कथा गाऊन सांगायच्या, हाच आमच्या घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. आणि त्या घराण्यात आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी एकटाच मुलगा.

ही चित्रं माझ्या पणजोबांनी काढलेली. जाड कागदावर काढून, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिंचोक्याच्या खळीने चिकटवलेली. एकेका कथेचा एकेक गठ्ठा, त्याला आम्ही पोथीच म्हणायचो. पोथी तांबड्या फडक्यात बांधलेली असे आणि आंघोळ केल्याशिवाय तिला कुणी हात लावत नसे. गेरूचा तांबडा, हरताळाचा पिवळा, काजळीचा काळा, एवढ्या रंगांत पणजोबांनी सगळं त्रिभुवन बसवलं होतं. माणसं सगळी एका बाजूने काढलेली, पण त्यांचा डोळा मात्र समोरून पाहावा तसा, माशाएवढा मोठा. अर्जुनाला झुपकेदार मिशा आणि डोक्याला पागोटं. रथ आपल्याकडच्या छकड्यासारखा. पाताळातले नाग कमरेपर्यंत माणूस आणि खाली वेटोळी. लहानपणी मला वाटे, देव असेच दिसत असणार. पुढे मळवलीकडच्या छापखान्यातून निघालेली देवांची रंगीत चित्रं घरोघर लागली. त्यांत लक्ष्मी अगदी जिवंत बाईसारखी उभी, अंगावर जरीची साडी, पाठीमागे तळं. ती चित्रं सुंदर होती, खोटं कशाला बोलू? लोकांना ती आवडली. आमच्या मोठ्या डोळ्यांचे देव मग त्यांना अडाणी वाटू लागले. लोणावळ्यात तंबूत सिनेमा आला आणि आबांना होणारी बोलावणी आणखी कमी झाली.

मी स्टेशनावर दिवे पुसायच्या, वाती कापायच्या कामाला लागलो. त्या कामात बोलावं लागत नाही. आबांना बोलावणं आलं की मी रजा घेऊन त्यांच्याबरोबर जाई. ते वीणा छेडत सांगत आणि मी त्यांच्या शेजारी बसून एकेक चित्र गुडघ्यावर उभं धरी. त्यांचा आवाज कसा होता ते लिहून सांगता येणार नाही. दशरथ पुत्रशोकाने रडू लागला की म्हातारे शेतकरी उपरण्याने डोळे पुसत. मला सगळ्या कथा ऐकून ऐकून पाठ होत्या. कुठे ओवी येणार, कुठे आबा थांबणार, कुठे बायका हसणार, हेही ठाऊक. त्या कथा छातीत असायच्या आणि गळ्याशी येऊन थांबायच्या. कधीकधी चित्र धरल्या धरल्या माझे ओठ हलत. आबांच्या ते लक्षात येई आणि ते मान वळवत.

कुरवंड्याचं बोलावणं तेवढं शेवटपर्यंत टिकलं. दर वर्षी वैशाखात, पेरणीच्या आधी, तिथल्या भैरोबाच्या देवळात बब्रुवाहनाची कथा लावायची, असा त्या गावाचा नेम. माझ्या आजोबांच्या वेळेपासून चालत आलेला. ज्या वर्षीची ही हकीगत आहे त्या वर्षी आबांना जायला नको होतं. सबंध हिवाळा त्यांच्या छातीत कफ घरघरत होता. चार पावलं टाकली की ते बसून घेत. माझी बायको त्यांना म्हणाली, "आबा, औंदा सांगावा धाडू. गावाला काय समजत न्हाई व्हय?" आबा म्हणाले, "गावाला समजंल गं. भैरोबाला कोन समजावनार?" मग तिने भाकऱ्या बांधून दिल्या.

लोणावळ्याहून कुरवंड्याची वाट फार अवघड नाही, पण त्या दिवशी ती आम्हाला सरता सरेना. करवंदीच्या जाळ्या काळ्या फळांनी भरल्या होत्या. आबा दर जाळीपाशी थांबत आणि जणू करवंदं खायलाच थांबलो आहोत असं दाखवत. मी पोथी डोक्यावर घेतली होती. गाव जवळ आलं, नागफणीचा कडा दिसू लागला, कोकणातून वर येणारा वारा तोंडावर आला, तेव्हा आबा एका दगडावर टेकले आणि म्हणाले, "ही कथा आर्धी ठेवू नये. बाकीच्या ठेवल्या तर चालत्यात. ही न्हाई." मला वाटलं ते सहज बोलले. आता वाटतं, त्यांना काहीतरी कळलं असावं. मी मान हलवली, एवढंच. दुसरं काही म्हणायला हवं होतं का, ते अजूनही कळत नाही.

रात्र जागवण्याची ताकद आता आबांत नव्हती, म्हणून पाटलांनी दुपारची जेवणं झाल्यावरच कथा लावली. देऊळ माणसांनी भरलं. पुरुष पुढे, बायका खांबांच्या पलीकडे. पहिल्यांदा गणपतीचं चित्र, मग सरस्वतीचं. त्यांना नमन झालं आणि कथेला सुरुवात झाली. ज्यांनी ती ऐकली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पांडवांच्या यज्ञाचा घोडा फिरत फिरत मणिपूरला येतो. तिथला राजा बब्रुवाहन हा अर्जुनाचाच मुलगा, पण त्याने बापाला कधी पाहिलेलं नाही. बाप आला म्हणून तो हात जोडून सामोरा जातो, तर अर्जुन त्याला ओळख देत नाही, भित्रा म्हणून हिणवतो. मग दोघांचं युद्ध होतं आणि मुलाच्या बाणाने बाप मरतो. मस्तक एकीकडे, धड एकीकडे. ते पणजोबांचं चित्र फार साधं होतं. पांढऱ्या कागदावर आडवा पडलेला अर्जुन, जवळ उभा मुलगा, हातातलं धनुष्य खाली आलेलं. मागे झाड नाही, डोंगर नाही, काही नाही.

त्या दिवशी आबा सुरुवातीला सुरेख बोलत होते. इतके, की मला वाटलं आपण उगाच घाबरलो. पण अर्जुन पडला ते चित्र मी उभं केलं, आबा म्हणाले, "आन् पोराची माय धावत आली, केस मोकळं सोडून...", आणि त्यांचा शब्द तिथेच तुटला. खोकल्याची उबळ आली. वीणा हातातून निसटली. मी एका हाताने चित्र आणि दुसऱ्या हाताने आबांना धरलं. कुणी पाणी आणलं, कुणी पदराने वारा घातला. उबळ थांबली तेव्हा त्यांच्यात श्वास तेवढा उरला होता. त्यांना खांबाला टेकवून बसवलं. पाटील पुढे आले, त्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या भाऊ. लय केलंसा. उद्याच्याला बघू."

आबांनी मान हलवली. नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मी जन्मभर विसरणार नाही. तीत हुकूम नव्हता, राग नव्हता. एखाद्या माणसाने बुडताना काठावरच्या लाकडाकडे पाहावं, आणि ते लाकूड लांब आहे हे त्यालाही ठाऊक असावं, तसं ते पाहणं होतं. मी तोंड उघडलं. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. सगळं देऊळ माझ्याकडे बघत होतं. माझ्या तोंडून हवा आली, सळसळ आली. पुढे बसलेल्यांनीसुद्धा एकमेकांकडे पाहिलं. मी पुन्हा जोर केला, घशात काहीतरी फाटल्यासारखं झालं, पण शब्द झाला नाही. त्या क्षणी मी देवाला मनातून जे बोललो ते इथे लिहीत नाही. खांबापलीकडून एक म्हातारी कुजबुजली, "आगं, मेला मानूस तसाच ठिवून घरला कसं जायाचं?"

तेवढ्यात मागून एक बाई बोलली. "मंग उलूपी म्हनली..."

सगळ्यांच्या माना वळल्या. उंच, काळीसावळी, पन्नाशीच्या पुढची बाई होती. पुढचे दोन दात पडलेले, हातांना कामाचे घट्टे. ती बायकांतून वाट काढत पुढे आली, आबांना लांबूनच हात जोडून नमस्कार केला आणि माझ्या जवळ येऊन खाली बसली. मला म्हणाली, "दाव बाबा फुडलं चित्तर." मी चित्र बदललं. तिने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, जुन्या ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं, आणि सांगू लागली.

"मंग उलूपी म्हनली, रडून काय व्हनार बाई? उलूपी कोन, तर नागाची लेक, अर्जुनाचीच दुसरी बायकू. ती म्हनली, माज्या बाकडं पाताळात एक मणी हाय. मेलेल्याच्या छातीला लावला तर जीव माघारी येतो. पर आनायला कोन जानार? तर ज्यानं मारला त्यानंच जायाचं."

ती गात नव्हती. तिला वीणा लागत नव्हती. भात लावताना बायका एकमेकींना काही सांगतात तशा सुरात ती सांगत होती, पण तिला कुठे अडखळायला होत नव्हतं. बब्रुवाहन पाताळात गेला. शेष मणी द्यायला तयार होता, बाकीचे नाग अडून बसले. युद्ध झालं. मी चित्रामागून चित्र उभं करत होतो. एके ठिकाणी मी चुकून दोन पानं उलटली तेव्हा तिने माझ्या हातावर चापट मारून एक पान मागे घ्यायला लावलं. लोक हसले. आबांनीही डोळे उघडले.

"मणी आला," ती म्हणाली, "पर येऊन बघत्यात तर काय? अर्जुनाचं डोस्कंच न्हाई! नागाच्या वंगाळ पोरांनी चोरून नेलं. आता मणी लावायचा आन् उठवायचं कुनाला? समदी हात टेकून बसली. राजा बसला, राण्या बसल्या. कुनाचं काय चालंना. तवा किष्नदेव आला. त्याला कुनी सांगावा धाडला न्हवता बरं का."

हे वाक्य आमच्या कथेतलं नव्हतं. आमच्या सांगण्यात कुंतीला वाईट स्वप्न पडतं आणि ती कृष्णाला घेऊन येते. मी चित्र वर केलं. गरुडावर बसलेला कृष्ण, रंग उडून हिरवट झालेला, डोळा तेवढा तसाच मोठा. इतकी वर्षं मी ते चित्र हातात धरलं होतं, पण ते समोर असताना धरणाऱ्याचं लक्ष पुढच्या पानाकडे असतं. त्या दिवशी मी मान वाकडी करून त्याचा चेहरा पाहिला. मी त्याला बोलावलं नव्हतं. उलट नको ते बोललो होतो.

मस्तक परत आलं. मणी छातीला लावला. ती बाई जराशी थांबली आणि मऊ आवाजात म्हणाली, "उठला. झोपंतनं उठावा तसा उठून बसला. आन् उठल्या उठल्या पयलं काय इचारलं त्यानं? म्हनला, माजा लेक कुटं हाय?"

आबांचा हात माझ्या गुडघ्यावर आला. तो थंड होता. त्यांनी तो तसाच ठेवला. बाहेर उन्हं डोंगराआड गेली होती, पाटलांच्या घरातून कुणीतरी निरांजन घेऊन आलं, भैरोबाची आरती झाली. एवढंच झालं. याहून काही घडलं नाही. आकाशातून फुलं पडली नाहीत आणि माझा आवाजही परत आला नाही.

लोक उठत होते तेव्हा मी तिला गाठलं. ती कान पुढे करून माझं ऐकत होती. तुम्हाला ही कथा कशी येते, असं मी विचारलं. ती म्हणाली, "माजं म्हायार हितलंच. तुमचं आजं सांगायचं ना, तवा मी बाच्या मांडीवर बसून ऐकायची. मंग भाजे गावात दिलं मला. तितं कोन सांगतंय? भात लावताना मनातल्या मनात म्हनत ऱ्हायले." मग म्हणाली, "औंदा मी येनार न्हवते बघा. गाय व्यायला झालेली. पर सकाळच्या पारी उठले आन् वाटलं, जावं." तेवढ्यात आबांना पुन्हा खोकला लागला आणि मी त्यांच्याकडे धावलो. परत आलो तेव्हा ती कुणा आप्तांच्या घरी गेली होती. दुसऱ्या दिवशी पाटलांनी गाडी जोडून दिली, मी आबांना गवतावर निजवून लोणावळ्याला घेऊन आलो. तिचं नाव साळूबाई, हे मला गाडीवानाने वाटेत सांगितलं.

आबा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. ते शांत होते. एकदा संध्याकाळी मी त्यांचे पाय चेपत होतो तेव्हा ते आपल्याशीच हसले. म्हणाले, "आपल्याकडं अर्जुन उठून काय इचारतो रं?" मी म्हटलं, घोडा. आमच्या घराण्याच्या सांगण्यात अर्जुन शुद्धीवर येतो आणि यज्ञाचा घोडा कुठे आहे असं विचारतो. क्षत्रियाला शोभेल असं ते उत्तर. पणजोबांपासून तसंच चालत आलेलं. आबा म्हणाले, "व्हय, घोडा. माज्या बानं घोडाच सांगितला, मीबी घोडाच सांगत आलो. तिनं लेक सांगितला." मग म्हणाले, "तेच बरं हाय. हितनं फुडं तसंच सांगत जा."

माझा आवाज गेलेला आहे हे ते त्या घटकेला विसरले होते. मी होय म्हटलं. त्यांना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे.

त्यांचं दिवसकार्य, पाऊस, स्टेशनावरचं काम यांतून मोकळा होईपर्यंत भातं पिवळी झाली. मनाशी मी एक बेत केला होता. साळूबाईंना भेटायचं, पाया पडायचं आणि विचारायचं, तुम्ही सांगाल आणि मी चित्रं धरीन, असं दोन-चार गावांत करू या का? त्यांनी आजोबांच्या तोंडून आणखी काय काय ऐकलं होतं तेही विचारायचं होतं. मी मळवलीला उतरून भाज्याला गेलो. घर विचारत विचारत गेलो तर ओट्यावर त्यांची सून बसली होती. तिने माझं कुजबुजणं दोनदा ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आत्या गेल्या की वो. नवरात्रात ताप आला, तो उतरलाच न्हाई." तिने गूळपाणी दिलं. मी ते प्यालो आणि परत निघालो. विचारायला काही उरलं नव्हतं. रडू आलं नाही. दोन दारं एकामागून एक लागली, एवढंच मनात येत होतं.

आमच्यात रीत आहे. सांगणारा उरला नाही की पोथी घरात ठेवत नाहीत. बोलक्या देवांना मुकं करून कोंडून ठेवणं बरं नव्हे, असं आबा म्हणत. फाटलेली, रंग गेलेली चित्रं त्यांनीही अशीच पाण्यात सोडलेली मी पाहिली होती. मी सगळ्या पोथ्या बाहेर काढल्या, त्यांची पूजा केली आणि इंद्रायणीवर कार्ल्याजवळ गेलो. नदीला अजून चांगलं पाणी होतं. एकेक पान सोडलं. कागद लगेच बुडत नाही. तो उताणा होऊन थोडा वाहत जातो, मग खळ सुटते, दोन चित्रं एकमेकांपासून वेगळी होतात आणि रंग पाण्यात उतरतो. गरुडावरचा कृष्ण मी शेवटी सोडला. बायको म्हणाली होती, एखादं तरी ठेवा. मी ठेवलं नाही. रीत ती रीत, असं मला वाटलं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. माझ्या डोक्याचे केस पांढरे झाले. एकदा भाज्याला एका सोबत्याच्या घरी लग्नाला गेलो होतो. जेवणं उरकल्यावर गावातून हिंडत होतो तर एका ओट्यावर बाई तांदूळ निवडत बसलेली आणि तिच्याभोवती तिची नि शेजारची पोरंबाळं. मी ओळखलं, ती साळूबाईंची सून. ती मला विसरली होती. ती सांगत होती, "...आन् अर्जुन पडला. डोस्कं हिकडं, धड तिकडं." एवढं बोलून तिने सूप खाली ठेवलं, तांब्या उचलून दोन घोट पाणी प्यायली आणि नुसतीच बसून राहिली. पोरंही बोलली नाहीत. जरा वेळाने ती म्हणाली, "मंग उलूपी म्हनली..."

कथा संपेपर्यंत मी अंगणात उभा होतो. अर्जुन उठला, त्याने मुलगा विचारला. मग मी पुढे होऊन तिला विचारलं, मध्ये थांबलात कशाला? तिने कान पुढे केला, पुन्हा विचारायला लावलं आणि म्हणाली, "हितं थांबायचं असतंय. कुरवंड्याहून आल्यापासनं आत्या पोरांना रोज सांगायच्या आन् हितं थांबायच्या. म्हनायच्या, सांगनाऱ्याला हितं दम लागतो, पानी द्यावं."

मी ओट्याच्या कडेला बसलो. तिला सांगितलं मी कोण ते. सांगायला वेळ लागला. तिने पोरांना गप्प केलं आणि सगळं ऐकलं. मग तिचा पहिलाच प्रश्न असा होता, "मंग ती चित्रं कुटं हायेत? आत्या लय सांगायच्या. एकडाव पोरांना दावता?"

काय सांगणार होतो मी? ज्या चित्रांना सांगणारा उरला नाही म्हणून मी ती पाण्यात सोडली, त्यांची कथा इथे, नदीपासून हाकेच्या अंतरावर, रोज तांदळाबरोबर निवडली जात होती. मी नदीकडे हात केला. ती समजली. मग एका मुलीने विचारलं, "उलूपी कशी दिसत हुती?"

ओट्यावर गेरूचा तुकडा पडला होता, उंबऱ्याला लावायला आणलेला. मी तो उचलला आणि सारवलेल्या भिंतीवर रेघ ओढली. मी चित्र काढणारा नव्हे. जन्मभर ती हातात धरली एवढंच. नाक वाकडं आलं, खालची वेटोळी तर भोवऱ्यासारखी दिसू लागली. पण डोळा मी मोठा काढला, माशाएवढा, पणजोबा काढायचे तसा. पोरं जवळ सरकली. बाईने भिंतीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "एवढा भाग लिंपायची न्हाई मी."

ती भिंत पुढच्या पावसात टिकली नसणार. पणजोबांचं एक पान जरी मी ठेवलं असतं तरी त्या पोरांनी खरी उलूपी पाहिली असती, हे दुःख माझ्याबरोबरच जाईल. त्याला इलाज नाही आणि मी तो शोधतही नाही. पण माझ्या आवाजावाचूनही कथा पुढे गेली होती, आणि देवाशी माझं भांडण त्या ओट्यावर मिटलं. आता रोज संध्याकाळी दिवा लावून त्याच्यासमोर बसतो. आवाज मागत नाही, काहीच मागत नाही. आबांना शेवटची कथा पुरी ऐकवलीस, एवढंच म्हणतो, आणि ते त्याला ऐकू जातं.